जनुक गप्प करणारी प्रथिनं बिघडली तर?

तुम्ही विचारलंय: ‘डायसर, आर्गोनॉट ही आरएनए सायलेन्सिंगची प्रथिनं म्हणजे जनुकं बंद करणारी बटणं का? आणि ती बिघडली की कॅन्सर होतो, हे खरं का?’

आरएनए सायलेन्सिंग म्हणजे आरएनएच्या छोट्या तुकड्यांच्या मदतीने जनुकाचं काम थोपवणं. ते करणारी ही प्रथिनं बटणं नव्हेत. बटणाचा दिवा ठरलेला असतो. कुठलं जनुक गप्प करायचं हे या प्रथिनांना स्वतःहून कळतच नाही. आर्गोनॉटच्या हातात साधारण २२ अक्षरांची आरएनएची एक चिठ्ठी असते. तिच्याशी जुळणारा मेसेंजर आरएनए (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) सापडला की ते त्याला पकडतं. उद्या चिठ्ठी दुसरी आली की सावज दुसरं.

दुसरं म्हणजे, आपल्या पेशींत या पद्धतीने जनुक सहसा ‘बंद’ होत नाहीच. डीएनएवरून प्रती निघतच राहतात, त्यांचं प्रथिन होण्याआधी त्या नाहीशा केल्या जातात, एवढंच. हे मी फजिती होऊन शिकले. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा सिंथेटिक एसआयआरएनए, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली अशी चिठ्ठी, मागवला. ट्यूब उघडली तर आत काहीच नाही! वाळलेला आरएनए डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून झाकण उघडण्याआधी ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यायची असते. घाईत विसरले आणि काही माल झाकणाबरोबर गेला. उरलेला पेशींना दिला, २४ तासांनी ब्लॉट (प्रथिन किती आहे ते पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) लावला, तर प्रथिनाचा बँड जागच्या जागी, ठसठशीत. दोन दिवस तोंड पाडून बसले. शेवटी गाईड मॅडम म्हणाल्या, “अगं, आरएनए मोजलास का?” त्या जनुकाचा मेसेंजर मोजला, तर पाचव्या हिश्श्यावर आलेला! सायलेन्सिंग झालं होतं, आधीच बनून ठेवलेलं प्रथिन तेवढं अजून संपलं नव्हतं. पुढच्या खेपेला ७२ तास थांबले, तेव्हा बँड फिका दिसला.

आता चिठ्ठी तयार कशी होते ते पटकन सांगते. पेशीची स्वतःची चिठ्ठी म्हणजे मायक्रोआरएनए. तो आधी केसाच्या पिनेसारखा दुमडलेला, लांबलचक असतो. केंद्रकात ड्रोशा आणि त्याचा जोडीदार डीजीसीआर८ ही पिन छाटून सुटी करतात. ती बाहेर आली की डायसर तिचं वळण कापतं. उरलेल्या दुहेरी तुकड्यातली एक बाजू आर्गोनॉट ठेवून घेतं, दुसरी टाकून देतं. जुळणी पूर्ण असेल तर आर्गोनॉट-२ मेसेंजरला त्या जुळलेल्या भागात थेट मधोमध कापतं. पण प्राण्यांत बहुतेक वेळा चिठ्ठीची दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतचीच जुळणी पक्की असते. मग कापाकापी होत नाही. आर्गोनॉट इतर प्रथिनांना बोलावतं, ती मेसेंजरची शेपटी कुरतडतात आणि तो हळूहळू नष्ट होतो.

(आर्गोनॉट म्हटलं की ग्रीक वीर आठवतात, पण इथे नाव आलं ते एका ऑक्टोपसवरून. १९९८ साली अरॅबिडॉप्सिस या रोपट्याच्या एका म्युटंटची (जनुकात बदल झालेल्या रोपाची) पानं नळीसारखी निमुळती झाली, ती आर्गोनॉटा जातीच्या ऑक्टोपससारखी दिसली. मला हे नाव त्यामुळेच लक्षात राहिलं.)

कॅन्सरचं म्हणाल तर डायसरचीच गोष्ट बघा. उंदरात त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती काढल्या तर गर्भच जगत नाही. म्हणजे ‘डायसर गेलं की गाठ आली’ हे गणित इथेच फसतं. माणसात डायसरच्या जनुकातल्या बिघाडाने होणारा डायसर१ सिंड्रोम आहे, तो २००९ साली उलगडला. मूल जन्मतः एक बिघडलेली प्रत घेऊन येतं. तेवढ्याने बहुधा काही होत नाही, दुसरी प्रत भागवते. पुढे वाढत्या फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत त्या दुसऱ्या प्रतीत एका अक्षराचा बदल होतो, तोही कुठेही नाही, मोजक्याच ठिकाणी. डायसरला दोन पाती असतात, प्रत्येक पातं पिनेची एकेक बाजू कापतं. या बदलाने त्यातलं एकच पातं बोथट होतं. मग पिनेच्या एका बाजूच्या चिठ्ठ्या बनत राहतात, दुसऱ्या बाजूच्या जवळजवळ थांबतात. लेट-७ नावाचं मायक्रोआरएनएंचं कुटुंब पेशींना ‘आता मोठ्या व्हा’ असं सांगतं. त्याच्या चिठ्ठ्या मुख्यतः या थांबलेल्या बाजूच्या. पेशी कोवळ्याच राहतात आणि वाढत सुटतात. लहानग्यांमध्ये होणारा प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा हा फुप्फुसाचा दुर्मिळ कॅन्सर असा उद्भवतो. याच घराण्यांत थायरॉइडच्या गाठी, अंडाशयातले काही ट्यूमरही दिसतात. मात्र बिघडलेली प्रत असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही.

बाकीची उदाहरणं थोडक्यात. मुलांच्या किडनीतल्या विल्म्स ट्यूमरमध्ये कधी ड्रोशा, कधी डीजीसीआर८ बदललेलं आढळतं. आर्गोनॉट-१ आणि २ मधल्या काही बदलांनी कॅन्सर नव्हे, तर बौद्धिक वाढ आणि बोलणं मागे पडतं. कधी प्रथिनं ठणठणीत असतात आणि चिठ्ठीच हरवते: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये मिर-१५ आणि मिर-१६ हे मायक्रोआरएनए अनेकदा गळालेले असतात, हे २००२ साली दिसलं. आणि हेपटायटिस सी चा विषाणू तर उलटाच निघाला. तो यकृतातल्या मिर-१२२ आणि आर्गोनॉटला स्वतःच्या आरएनएवर बसवून घेतो, आणि तेच त्याला नष्ट होण्यापासून वाचवतात!

औषधांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण ‘जनुक एकदा गप्प केलं की कायमचं बंद होतं का’ याचं उत्तर तिथे आहे. २०१८ साली पॅटिसिरन हे आरएनए सायलेन्सिंगच्या तत्त्वावरचं पहिलं औषध मंजूर झालं. कोलेस्टेरॉलवरचं इन्क्लिसिरन डायसरची पायरी ओलांडून तयार चिठ्ठीच यकृताला देतं. एक चिठ्ठी कित्येक मेसेंजर कापते, त्यामुळे पहिल्या दोन डोसनंतर वर्षाला दोन इंजेक्शनं पुरतात. पण ती चिठ्ठीही कालांतराने झिजते, म्हणूनच सहा महिन्यांनी परत टोचावं लागतं.

घरच्या कुणाच्या रिपोर्टवर डायसर१ दिसल्यामुळे विचारत असाल, तर आधी त्यापुढे काय लिहिलंय ते बघा. ‘व्हीयूएस’ असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की हा बदल घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. रिपोर्ट इथे टाकू नका, जेनेटिक काउन्सेलरला दाखवा.