हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची, टपाल तिकिटं जमवायला घेतलीस ना, मग हे वाच

सुरुवात अमेरिकेच्या 5 सेंटच्या जांभळ्या तिकिटापासून कर. 15 डिसेंबर 1964 ला ते अलास्कातल्या अँकरेजमध्ये निघालं. अँकरेजच का? त्याच वर्षी 27 मार्चला तिथे प्रचंड भूकंप झाला होता आणि नेहमीचे संपर्क तुटल्यावर हॅम मंडळींनी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांनी, निरोप पोचवले होते. चित्रात रेडिओची तबकडी आणि लहरी, बस. तिकीट भरपूर छापलं गेलं, त्यामुळे कुणी ‘दुर्मीळ आहे’ म्हणत भाव चढवला तर सरळ पुढे चालू लाग.

मला विचारशील तर सुट्या तिकिटापेक्षा तिकीट लावलेलं टपालाचं पाकीट घे. पहिल्या दिवसाच्या शिक्क्याचं पाकीट असेल तर शिक्का भिंगाखाली बघ. तारीख आणि गाव स्पष्ट वाचता आलं पाहिजे.

खरी मजा मात्र क्यूएसएल कार्डांत. दोन हॅमचा रेडिओवर संपर्क झाल्याची ती पोचपावती. ठळक कॉलसाइन (त्या हॅमचं रेडिओवरचं ओळखचिन्ह), खाली तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, आणि भोवती मालकाच्या हौसेची चित्रकला: अँटेना, पृथ्वीचा गोल, कधी नुसतं व्यंगचित्र. टपालाने थेट आलेल्या कार्डावरचं तिकीट पाण्यात भिजवून काढू नकोस! मी सुरुवातीला अशी सात-आठ कार्डं वाया घालवली. शाई फुटली, पाठीमागचा मजकूर गेला, हाती आलं चार आण्याचं तिकीट.

तिकीट चिमट्यानेच उचल. पीव्हीसीचे अल्बम टाळ, ते कालांतराने चिकट होतात.