वाचकांचे प्रश्न : बॉम्बच्या आधीची गाडी

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात लंडनहून खेड्यात पाठवलेल्या अकरा वर्षांच्या मुलीवर मी कुमारांसाठी कादंबरी लिहिते आहे. पहिल्याच प्रकरणात बॉम्ब पडतात, घर कोसळतं आणि तिला आगगाडीत बसवतात. मैत्रीण म्हणते, मुलांना एवढं भेदरवू नकोस. काय करू?

उत्तर : भेदरवायला हरकत नाही. बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला ते पेलतं. मला खटकतो तो घटनांचा क्रम. मुलांना लंडनबाहेर न्यायला सुरुवात झाली १ सप्टेंबर १९३९ ला, आणि ब्रिटनने युद्ध पुकारलं ३ तारखेला. तुमची मुलगी त्या पहिल्या गाड्यांपैकी एकीत बसली असेल, तर तिने बॉम्ब पाहिलेलाच नाही. शाळेच्या शाळा शिक्षकांबरोबर निघाल्या होत्या. कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात गॅस मास्क. पोरं नेमकी कुठे चालली आहेत, हे कितीतरी आईबापांना ठाऊक नव्हतं. गावात पोचल्यावर सभागृहात उभं राहायचं आणि अनोळखी माणसांनी आपल्याला निवडायची वाट बघायची. सगळ्यात शेवटी उरलेल्या मुलीला काय वाटलं असेल? हे प्रकरण तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि मला तर तेच वाचायचं आहे.

पुढचं तर आणखी जिवाला लागणारं आहे. महिने गेले, लंडनवर बॉम्ब काही पडेनात. आयांना राहवेना. १९४० साल उजाडेपर्यंत बरीच मुलं घरी परतलीसुद्धा. मग ७ सप्टेंबर १९४० ला लंडनवरचे मोठे हवाई हल्ले सुरू झाले आणि पुढे कित्येक आठवडे जवळपास रोज रात्री होत राहिले. मायेपोटी लेकीला परत आणणारी आई त्या रात्री काय करते, त्यातच तुमची कादंबरी आहे असं मला मनापासून वाटतं.

मुलीच्या तोंडी हिटलरच्या राजकारणावरची वाक्यं घालू नका. अकरा वर्षांची मुलगी ऐकते ते भिंतीपलीकडचं, अर्धवट. बारीकसारीक तपशीलही तपासा. साखर जानेवारी १९४० मध्येच रेशनवर आली, चॉकलेट-गोळ्या मात्र थेट जुलै १९४२ मध्ये.

लिहिलेलं पहिलं प्रकरण टाकू नका. ते जसंच्या तसं, आई तिला परत घेऊन आल्यानंतर घाला. शेवटची आगगाडी तेवढी काढा आणि तिथून पुढे लिहायला लागा.