युरोपला पहिल्यांदा जाताय तर सिमचं आधी बघा

ताई, आई-बाबांना घेऊन पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली करताय ना, मग ईसिम (कार्ड न घालता फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम) घेताना देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचं नाव आहे का ते आधी वाचा. २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग चार्ज न लागता चालतं, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, त्यामुळे काही प्लॅनमध्ये ते नसतंच. आम्ही लुसर्नला उतरलो आणि नेट गायब, हॉटेलचा पत्ता ईमेलमध्ये, आई बॅगेवर बसून, शेवटी स्टेशनच्या वायफायवर कसंबसं काम झालं. पत्ता कागदावर लिहूनच ठेवा.

फोनमध्ये ईसिम चालतं का बघायला *#०६# डायल करा, ईआयडी (ईसिमचा ओळख नंबर) दिसला तर चालतं. ते घरच्या वायफायवरच टाकून घ्या, एअरपोर्टवर नको.

आणि भारतातलं सिम काढू नका हां, बँकेचे ओटीपी त्यावरच येणार, म्हणून निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या पण त्या सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा, नाहीतर बिल बघून रडायला येईल. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं. बाबांच्या स्मार्टफोनमध्ये ईसिम चालत नसेल तर तुमचा हॉटस्पॉट पुरे.