सहीची पारख आणि मुंबईतील दमट हवा

प्रश्न : वानखेडे स्टेडियमवर २ एप्रिल २०११ रोजी झालेल्या विश्वचषक अंतिम सामन्याच्या चित्राची एक मर्यादित छापील प्रत मी नुकतीच विकत घेतली. तिच्या खाली डावीकडे ४१२/५०० (म्हणजे पाचशे प्रतींपैकी ४१२वी) असा आकडा, उजवीकडे चित्रकाराची पेन्सिलीतली सही आणि मधोमध एका खेळाडूची काळ्या मार्करने केलेली सही आहे. सोबत प्रमाणपत्रही मिळाले. आकडा मोठा असल्यामुळे प्रतीचे मोल कमी होते, असे एक स्नेही म्हणतात. ते खरे आहे का? समुद्रालगतच्या घरात ही प्रत कशी जपावी?
— एक वाचक, माहीम

उत्तर : आकड्याची चिंता आपण सोडून द्यावी. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापे काढले जात तेव्हा पत्रा हळूहळू झिजत असे, त्यामुळे आरंभीच्या प्रती खरोखरच अधिक ठसठशीत उतरत; ऑफसेट किंवा इंकजेट पद्धतीने छापलेल्या आजच्या क्रीडाचित्रांत तसा फरक पडत नाही. महत्त्वाचे आहे ते एकूण प्रती किती हे. ‘ए. पी.’ अशी खूण असलेल्या चित्रकाराच्या राखीव प्रती या पाचशेंच्या बाहेरच्या असतात, म्हणून प्रमाणपत्रात त्यांची संख्या दिली आहे का, ते अवश्य पाहावे.

सहीसाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. चित्र ऑफसेटचे असेल, तर निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके दिसतील. मग भिंग चित्रकाराच्या सहीवर न्यावे. तीही ठिपक्यांचीच निघाली, तर ती चित्राबरोबर छापलेली आहे असे समजावे. शिसपेन्सिलीने हाताने केलेली सही तिरप्या उजेडात किंचित चकाकते आणि बहुधा कागदावर तिच्या दाबाची बारीक खाच दिसते. खेळाडूच्या सहीबाबत मात्र शाई छपाईनंतर लागली आहे, एवढेच भिंग सांगेल. ती त्याच्याच हातची आहे की नाही, हे त्यावरून कळणार नाही. म्हणून सही कधी, कुठे आणि कोणासमोर झाली, याची नोंद प्रमाणपत्रात शोधावी. केवळ ‘अस्सल असल्याची हमी’ एवढाच मजकूर असलेल्या कागदाला मी फारसे महत्त्व देणार नाही. विकणाऱ्याकडून पावती आणि ही प्रत त्यांच्याकडे कशी आली याचे लेखी निवेदन आजच मागून घ्यावे.

जपणुकीत पहिला धोका उजेडाचा. पेन्सिलीचे शिसे उजेडाने उडत नाही, पण मार्करची शाई पुष्कळदा उडते, आणि म्हणजे ज्या सहीसाठी आपण पैसे मोजले तीच आधी फिकी पडते. त्यामुळे पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळावी आणि अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक घ्यावे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर चौकट लावूच नये. आतल्या भिंतीवरही मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी निक्षून सांगाव्यात. कागदाच्या कडा कापायच्या नाहीत, तो बोर्डावर चिकटवायचा नाही आणि सेलोटेप वापरायचा नाही. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) व मागचा बोर्ड आम्लरहित असावा, माउंटमुळे कागद काचेपासून सुटा राहावा आणि वरच्या कडेला जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने, तो नुसता टांगलेला असावा. कागदावर तपकिरी ठिपके दिसू लागले, तर ते पुसू नयेत. प्रत चौकटीतून काढून कोरड्या जागी ठेवावी आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्राकडे सल्ल्यासाठी विचारणा करावी.