भरपूर पाणी सोबत असेल तर अमेरिकेतल्या वाळवंटी डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात जुलैच्या दुपारी ट्रेक करता येईल का?

नाही, पाणी कितीही नेलंत तरी दुपारी चालायला जाऊ नका. हवेचं तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा वर गेलं की हवा शरीराला थंड करण्याऐवजी तापवू लागते. मग उष्णता बाहेर टाकायला एकटा घाम उरतो. चढावर तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त घाम सहज जातो, आणि तेवढं पाणी त्याच वेगाने शोषून घेणं पोटाला जड जातं. नुसतं पाणीच ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम घसरतं, तेही जिवावर बेतू शकतं. फसवणारी गोष्ट म्हणजे कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, त्यामुळे अंग ओलं लागत नाही आणि 'मला कुठे घाम येतोय' असं वाटतं. जमीन तर हवेपेक्षाही तापते: तिथल्या फर्नेस क्रीकला १९७२ मध्ये जमिनीचं तापमान ९४ अंशांच्या आसपास नोंदलं गेलं होतं. हवा फार तापली की विरळ होते आणि बचावाचं हेलिकॉप्टरही उडू शकत नाही. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा. सावली, अंगावर पाणी, वारा, आणि लगेच मदत.

उद्यान प्रशासनही उन्हाळ्यात सकाळी १० नंतर सखल भागात चालू नका असंच सांगतं. पहाटेची छोटी फेरी किंवा ३,३६८ मीटर उंचीच्या टेलिस्कोप पीककडची वाट मात्र वेगळी. उंचीवर हवा बरीच सौम्य असते.