डेट्रॉइट पिझ्झा : खरी गंमत कडेला

प्रश्न : मुलीकडे मिशिगनला गेलो तेव्हा डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा खाल्ला. घरी ओटीजीत केला तर तळ पांढरा राहतो, मध्यभाग ओलसर होतो आणि कडेची काळसर, कुरकुरीत किनार येतच नाही. कुठे चुकतं? – वाचक, नाशिक

चूक बहुतेक ट्रे आणि चीज या दोन ठिकाणी आहे. चकचकीत ॲल्युमिनियमचा ट्रे उष्णता परतवतो, म्हणून तळाला रंग येत नाही. काळा, जाड पत्र्याचा, दोन-अडीच इंच उभ्या कडेचा ८ × १० इंची ट्रे घ्या. तो नसेल तर १० इंची बिडाचं पॅन चालेल. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच भरतं, फक्त कोपरे मिळत नाहीत.

एवढ्या ट्रेला १७० ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम पाणी, पाऊण चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट आणि तेवढंच मीठ लागतं. पीठ चिकट वाटेल, पण वरून मैदा घालू नका. पाणी कमी पडलं की आतली जाळी दाट होते. दुप्पट फुगलं की ट्रेला दीड चमचा तेल लावून त्यात पसरा. पीठ आखडून मागे येऊ लागलं की ओढत बसू नका. अर्धा तास झाकून ठेवा, मग ते मुकाट्याने कोपऱ्यापर्यंत जातं. त्यानंतर पाऊण तास पुन्हा फुगू द्या.

चीज १९० ग्रॅम : तीन भाग कमी पाण्याचं मोझरेला, एक भाग सौम्य चेडार. किसू नका, सेंटिमीटरभराचे तुकडे करा आणि ट्रेच्या भिंतीला अगदी टेकवून लावा. कडेला गेलेलं चीज वितळून भिंत आणि पीठ यांच्यामध्ये उतरतं, स्वतःच्या स्निग्धांशात तळलं जातं आणि दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीसारखं खमंग होतं. प्रोसेस्ड चीज इथे कामाचं नाही. त्यातले क्षार स्निग्धांश धरून ठेवतात, तो सुटत नाही आणि कड तळली जात नाही.

सॉस चीजच्या वर, आडव्या दोन-तीन पट्ट्यांत घाला. १०० ग्रॅम पुरे, तोही आटवून घट्ट केलेला. मध्यभाग ओला राहतो तो पातळ आणि जास्त सॉसमुळेच. ओटीजी २५० अंशांवर अर्धा तास तापवा, दोन्ही रॉड चालू ठेवा आणि ट्रे सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवून १३ ते १६ मिनिटं भाजा. पिवळा रंग पाहून घाईने काढू नका, कड गडद तपकिरी व्हायला हवी. बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत पातळ उलथनं कडेने फिरवा. थंड झालं की चीज पत्र्याला धरतं. पिझ्झा लगेच जाळीवर घ्या, ट्रेमध्येच राहिला तर वाफेने तळ मऊ पडतो.

प्रश्न : हा पिझ्झा चौकोनी का? – वाचक, ठाणे

१९४६ मध्ये गस गुएरा यांनी डेट्रॉइटमधल्या 'बडीज रॉंदेवू' या आपल्या बारमध्ये सिसिलीच्या धर्तीवरचा जाड पिझ्झा सुरू केला. त्यासाठी वापरलेले निळसर पोलादी ट्रे मोटार कारखान्यांत सुटे भाग ठेवायला असत, असं तिथे सांगितलं जातं. आकार त्या ट्रेचा, आणि पत्रा जाड असल्याने भाजणीही त्याचीच. चीज मात्र शेजारच्या विस्कॉन्सिनचं 'ब्रिक'. ते मोझरेलापेक्षा जास्त स्निग्ध आणि थोडं आंबूस असतं, म्हणून वर चेडारची भर सुचवली. १९५३ मध्ये गुएरा यांनी बडीज सोडून जवळच 'क्लोव्हरलीफ' घेतलं. दोन्ही ठिकाणी हाच पिझ्झा पुढे चालू राहिला.

प्रश्न : हाच शिकागोचा डीप डिश का? – वाचक, पणजी

नाही. १९४३ मध्ये 'पिझ्झेरिया युनो'त सुरू झालेला शिकागोचा पिझ्झा गोल असतो. त्याची कड 'पाय' (pie) या सारण भरून भाजलेल्या पदार्थासारखी घट्ट, ठिसूळ आणि उभी, आत भरपूर सारण, वर जाड सॉस. डेट्रॉइटचं पीठ पावासारखं हलकं, जाळीदार असतं. सॉस वर घालतात एवढंच साम्य. एखाद्या हॉटेलात 'डेट्रॉइट' म्हणून गोल पिझ्झा आला किंवा कडेला नुसतीच पावाची पांढरी किनार दिसली, तर तो पॅन पिझ्झा समजा.