गरोदरपणात बीपी वाढू नये म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी घ्यावी का?

ताई, मागच्या खेपेला प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) झाला होता, म्हणून या वेळी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सुरू करावं का, असं तुम्ही विचारलंय. स्वतःहून अजिबात करू नका.

कल्पना मात्र बिनबुडाची नाही. या आजारात वार म्हणजे प्लॅसेंटा एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन जास्त प्रमाणात रक्तात सोडते. त्याने रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जायला लागतात. प्राव्हास्टॅटिन या स्टॅटिनने उंदरांमध्ये हे सुधारलं, म्हणून आशा वाढली. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, इंग्लंड, स्पेन आणि बेल्जियममधल्या जास्त जोखमीच्या सुमारे ११०० गर्भवतींमध्ये, ३५-३७ आठवड्यांपासून रोज २० मिलिग्रॅम देऊनही फरक पडला नाही: प्रीएक्लॅम्प्सिया गोळीवाल्यांत १४.६ टक्के जणींना झाला, नुसत्या दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळीवाल्यांत १३.६ टक्के जणींना. लवकर सुरू केली तर काय, यावर छोटे अभ्यास आहेत, पण तेवढ्यावर गोळी लिहून देता येत नाही.

त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने स्टॅटिनवरची गरोदरपणातली सरसकट बंदी काढायला सांगितलं खरं, तरी बहुतेकींनी गरोदरपणात स्टॅटिन थांबवावं हाच सल्ला कायम आहे.

खरा उपयोग कमी डोसच्या ॲस्पिरिनचा. ती शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते, म्हणून याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना जुनी फाइल दाखवा. पुढे कधीही डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर सकाळची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.